मशागतीत ट्रॅक्टरची शक्ती आणि ऊर्जा : मोजणी कशी करावी?
(जबलपूर परिसरातील काळ्या जमिनीच्या संदर्भात)

जबलपूर परिसरात भाताची कापणी आटोपेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. त्यानंतर गव्हाच्या पेरणीसाठी जे दिवस उरतात ते मोजकेच असतात. जमीन काळी आणि भारी. भाताचे पाणी तिच्यात मुरलेले असते आणि वाफसा लवकर येत नाही. वाफसा आला की तो टिकतही नाही, कारण ऊन लागताच वरचा थर आवळतो आणि नांगराला ढेकळे लागू लागतात. या अरुंद फटीत ट्रॅक्टर मिळवायचा, दोन-तीन पाळ्या घालायच्या आणि पेरणी साधायची, अशी शेतकऱ्याची धावपळ असते. पेरणी लांबली तर गव्हाचे दाणे भरण्याचा काळ उन्हाच्या झळांमध्ये सापडतो. अशा घाईत डिझेल किती जळले, त्यातील किती शक्ती मातीपर्यंत पोचली आणि तिसरी पाळी खरोखर आवश्यक होती काय, हे प्रश्न मागे पडतात. त्यांची उत्तरे अंदाजाने देता येत नाहीत. ती मोजावी लागतात, आणि मोजणी वाटते तितकी अवघड नाही.

विदर्भातील वाचकाला ही जमीन परकी वाटणार नाही. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याला बखर म्हणतात तो विदर्भातील वखरच होय. दोन्हीकडे लोखंडी पास मातीच्या वरच्या थराखालून सरकते, तण कापते आणि भेगा बुजवते. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरील माती ‘खेरी’ या मृदामालिकेत मोडते. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असून ही चिकणमाती पाण्याने फुगणारी आणि सुकल्यावर आकसणारी आहे. पुढील विवेचनात माती म्हणून हीच भारी काळी जमीन गृहीत धरली आहे.

शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी

बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि हिशेबाचा पहिला घोळ तेथेच होतो. शक्ती म्हणजे काम करण्याचा दर. ती अश्वशक्ती किंवा किलोवॅटमध्ये मोजतात. ऊर्जा म्हणजे झालेले एकूण काम. ते मेगाज्यूलमध्ये मोजतात. ट्रॅक्टर कोणत्या क्षमतेचा घ्यावा हे शक्ती ठरवते. खर्च किती येईल हे ऊर्जा ठरवते. मोठ्या ट्रॅक्टरने तासात अधिक क्षेत्र नांगरले तरी हेक्टरी ऊर्जा कमी होईलच असे नाही. १ मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ०.७३५५ किलोवॅट आणि १ किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल, एवढी दोन रूपांतरे ध्यानात असली की पुढचे काम साध्या गुणाकार-भागाकाराचे उरते.

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ‘४५ अश्वशक्ती’ असे लिहिलेले असते, ती इंजिनाची शक्ती. गिअर, मागचा आस, टायर आणि माती अशा पायऱ्या उतरत ती अवजारापर्यंत येते आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झिजते. पीटीओ दांड्यावर ती बऱ्यापैकी शिल्लक असते. मऊ शेतात ओढीच्या कड्यावर मात ती बरीच घटलेली असते. या तफावतीमुळेच जगात ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचण्या सुरू झाल्या. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर या शेतकरी असलेल्या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नाने १९१९ मध्ये कायदा झाला आणि १९२० पासून जाहिरातीतील दावे प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिले जाऊ लागले. भारतात हे काम मध्य प्रदेशातच, नर्मदाकाठच्या बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत चालते. ही संस्था १९५५ मध्ये सुरू झाली. तिच्या अहवालात पीटीओवरील कमाल शक्ती, ओढीची शक्ती आणि दर किलोवॅट-तासाला लागणारे इंधन दिलेले असते. ट्रॅक्टर खरेदी करणाऱ्याने माहितीपत्रकाऐवजी हा अहवाल मागून पाहावा. तरीही एक मर्यादा उरतेच. ओढीची चाचणी पक्क्या धावपट्टीवर होते. भाताचे ओले शेत ही धावपट्टी नव्हे.

ओढ मोजणे

अवजार मातीतून पुढे नेण्यासाठी प्रवासाच्या दिशेने जे बल लागते ते म्हणजे ओढ. ते मोजणारे उपकरण म्हणजे डायनॅमोमीटर. त्याचे साधे रूप स्प्रिंगचे किंवा द्रवदाबाचे असते. प्रयोगशाळांमध्ये आता स्ट्रेन-गेज बसवलेले लोडसेल आणि आकडे साठवणारा डेटा लॉगर वापरतात.

नांगर ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडलेला असल्याने तो थेट दोरीने ओढता येत नाही. म्हणून दोन ट्रॅक्टरांची पद्धत वापरतात. अवजार ज्या ट्रॅक्टरला जोडले आहे तो न्यूट्रलमध्ये ठेवतात, पुढचा ट्रॅक्टर त्याला ओढतो आणि दोहोंमध्ये डायनॅमोमीटर असतो. पहिल्या फेरीत नांगर ठरलेल्या खोलीवर चालतो. दुसऱ्या फेरीत त्याच जमिनीवर नांगर वर उचलून मागचा ट्रॅक्टर नुसता ओढतात. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की नांगराची ओढ मिळते. समजा, पहिल्या फेरीत सरासरी १,१२० किलोग्रॅम बल आणि दुसरीत २२० किलोग्रॅम बल आले, तर ओढ ९०० किलोग्रॅम. ही दुसरी फेरी ‘वेळ नाही’ म्हणून गाळण्याचा मोह होतो. तसे केले तर या उदाहरणात ओढ जवळजवळ पावपटीने फुगलेली दिसेल. जोडणारी साखळीही जमिनीला समांतर असावी. ती १५ अंशांनी कललेली असेल तर उपकरणावरील आकडा खऱ्या आडव्या बलापेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी अधिक येतो.

वेग मोजण्यासाठी २० मीटर अंतरावर दोन खुंट्या रोवाव्यात आणि एका ठरावीक भागाने, उदाहरणार्थ मागच्या चाकाच्या मध्याने, त्या ओलांडण्यास लागलेला वेळ घ्यावा. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. आता ९०० किलोग्रॅम गुणिले १ मीटर भागिले ७५ म्हणजे १२ अश्वशक्ती, अर्थात ८.८३ किलोवॅट. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरमागे मातीत प्रत्यक्ष काम करणारी शक्ती बारा! हा आकडा पाहून ट्रॅक्टर मालकाला आश्चर्य वाटते. त्यात ट्रॅक्टरचा दोष नसतो. उरलेल्या शक्तीचा काही भाग वाटेत खर्च होतो, तर काही मुळी मागितलेलाच नसतो.

ओढीपेक्षाही उपयोगी आकडा म्हणजे विशिष्ट ओढ, म्हणजेच नांगरलेल्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरला लागणारे बल. वरील नांगर दोन फाळांचा, एकूण ६० सेंटीमीटर रुंदीचा आणि २० सेंटीमीटर खोल चालणारा असेल तर छेद १,२०० चौरस सेंटीमीटर आणि विशिष्ट ओढ ०.७५ किलोग्रॅम दर चौरस सेंटीमीटर. वेगवेगळ्या शेतांची व अवजारांची तुलना याच आकड्याने करावी. अमेरिकेतील कृषी व जैविक अभियंत्यांच्या संस्थेचे डी-४९७ हे प्रमाणपत्रक असा अंदाज सूत्राने देते. भारी जमीन, हीच रुंदी, खोली आणि वेग घातल्यास सुमारे ८.६ किलोन्यूटन, म्हणजे ८८० किलोग्रॅमच्या आसपास ओढ येते. परंतु तेच पत्रक या अंदाजात ४० टक्के इकडे-तिकडे होऊ शकते असेही नमूद करते. सूत्र हे मोजणीची तयारी करण्यासाठी असते. मोजणी टाळण्यासाठी नव्हे.

खोली, आणि भाड्याचा व्यवहार

ओढ माहीत झाली की हेक्टरी यांत्रिक ऊर्जा लगेच निघते. ६० सेंटीमीटर रुंदीच्या नांगराला एक हेक्टर पूर्ण करण्यासाठी १६.६७ किलोमीटर चालावे लागते. ८.८३ किलोन्यूटन गुणिले १६.६७ किलोमीटर म्हणजे सुमारे १४७ मेगाज्यूल. विशिष्ट ओढ तीच राहिली असे धरले, तर खोलीच्या प्रत्येक सेंटीमीटरला सव्वासात मेगाज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा पडते. पंधरा सेंटीमीटर खोलीवर हेच काम ११० मेगाज्यूलमध्ये होते.

येथे भाड्याचा व्यवहार आड येतो. ट्रॅक्टर तासावर घेतला असेल तर चाकांची घसर, वळणे आणि रेंगाळणे यांचा भार शेतकऱ्यावर पडतो. एकरावर घेतला असेल तर चालकाला नांगर उथळ चालवणे परवडते. २० ऐवजी १५ सेंटीमीटरवर चालवला की पाव ऊर्जा वाचते आणि वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून खोली मोजणे हे केवळ संशोधकाचे काम नाही. तासाची न नांगरलेली कड आणि तळ यांतील उभे अंतर पट्टीने किमान दहा ठिकाणी घ्यावे आणि सरासरी काढावी. भुसभुशीत मातीत वरून काठी खुपसून घेतलेली खोली फुगलेली येते, हेही ध्यानात ठेवावे.

घसर

चाक दहा वेळा फिरले म्हणजे ट्रॅक्टर दहा परिघ पुढे गेला, असे शेतात कधीच होत नाही. चाकावर खडूने खूण करावी. अवजार उचलून दहा फेऱ्यांत तोडलेले अंतर मोजावे, मग अवजार लावून तेवढ्याच फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले तर घसर १५ टक्के. याचा अर्थ चाकापर्यंत पोचलेल्या शक्तीचा सुमारे सातवा भाग माती मागे ढकलण्यात आणि टायर झिजवण्यात गेला. साधारण ८ ते १५ टक्के घसर शेतकामात मान्य धरतात. भातानंतरच्या ओल्या जमिनीत ती सहज याच्या पुढे जाते. टायरमध्ये पाणी भरून किंवा वजने लावून ती कमी करता येते; पण ओल्या काळ्या जमिनीत वाढवलेले वजन नांगरटीच्या खालचा थर दाबून घट्ट करते आणि पुढच्या हंगामात तोच थर फोडण्यासाठी पुन्हा डिझेल लागते. घसर नकोशी वाढत असेल तर बहुधा जमीनच सांगत असते की अजून दोन दिवस थांबावे. उलट घसर अगदीच नगण्य असेल तर ट्रॅक्टर विनाकारण जड आहे किंवा अवजार लहान आहे, असे समजावे.

इंधनाची मोजणी

संशोधन प्रक्षेत्रावर इंधनाच्या नळीत प्रवाहमापक बसवतात. इंजेक्शन पंपाकडे गेलेल्या डिझेलपैकी काही परत टाकीत येते, म्हणून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर मोजणी लागते. एकच मापक लावून काढलेले आकडे चुकीचे असतात. गावात मात्र टाकी काठोकाठ भरण्याची पद्धत पुरेशी आहे. ट्रॅक्टर सपाट जागी, खुणेवर उभा करावा आणि टाकी तोंडापर्यंत भरावी. मोजलेले क्षेत्र पूर्ण झाल्यावर त्याच खुणेवर, त्याच दिशेने ट्रॅक्टर उभा करून मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा तोंडापर्यंत भरावी. ओतलेले डिझेल म्हणजे खपलेले डिझेल. फेस बसू द्यावा, आणि क्षेत्र फार लहान घेऊ नये. चार-पाच गुंठ्यांवर केलेल्या मोजणीत टाकी भरण्यातील किरकोळ चूकही निकाल फिरवते. एकराच्या आसपासचे क्षेत्र बरे.

वरील नांगरटीस हेक्टरी २४ लिटर डिझेल लागले असे समजू. एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे एकूण ८६४ मेगाज्यूल. मातीत झालेले काम १४७ मेगाज्यूल. जळलेल्या डिझेलपैकी जेमतेम सतरा टक्के माती उलटण्यास कामी आले. उरलेल्यातील सर्वांत मोठा वाटा इंजिनाच्या उष्णतेत आणि धुरात जातो. तो शेतकऱ्याच्या हातात नाही. गिअर आणि थ्रॉटल मात्र हातात आहेत. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी फेरे ठेवले तर तोच वेग कमी इंधनात मिळतो. इंजिन काळा धूर ओकू लागले की ही युक्ती तेथेच थांबवावी.

भारतीय शोधनिबंधांत एक वेगळा आकडा आढळतो : डिझेल लिटरला ५६.३१ मेगाज्यूल. तो केवळ जळणाऱ्या डिझेलचा उष्मांक नाही. वंगणासारख्या जोडबाबीही त्यात धरलेल्या आहेत. संपूर्ण पिकाचा ऊर्जा-ताळेबंद मांडताना, मनुष्यबळ तासाला १.९६ मेगाज्यूल आणि नत्र किलोला ६०.६ मेगाज्यूल या गुणकांच्या जोडीला, तो वापरतात. इंजिनाची कार्यक्षमता काढताना तो वापरल्यास ट्रॅक्टरवर अन्याय होतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही सरमिसळ वारंवार दिसते.

रोटाव्हेटरचा हिशेब निराळा

रोटाव्हेटर ओढला जात नाही. त्याची पाती पीटीओच्या शक्तीने फिरतात आणि बहुधा ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात. त्यामुळे ओढ मोजून येथे काहीच हाती लागत नाही. दांड्यावरील पीळ, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाचे फेरे मोजावे लागतात. ५४० फेऱ्यांवर ३०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर शक्ती सुमारे १७ किलोवॅट, म्हणजे २३ अश्वशक्ती. यंत्राची रुंदी दीड मीटर, खोली १० सेंटीमीटर आणि वेग ताशी ३ किलोमीटर धरल्यास घनमीटर मातीला १३६ किलोज्यूल पडतात. नांगराच्या वरील उदाहरणात हाच आकडा सुमारे ७४ आहे. म्हणजे दहा सेंटीमीटर माती बारीक करण्यास रोटाव्हेटरला जी ऊर्जा लागली, तेवढ्यातच नांगराने वीस सेंटीमीटर माती उलटली. तरी डिझेलचा खप दुप्पट होत नाही, कारण पीटीओच्या मार्गात चाकांच्या घसरीचा तोटा टळतो. शिवाय नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यासाठी आणखी पाळ्या लागतात, त्या येथे वाचतात.

म्हणून केवळ ऊर्जेचा आकडा पुरेसा नाही. त्या ऊर्जेतून माती कशी झाली हेही नोंदवले पाहिजे. मशागतीनंतर ढेकळे वेगवेगळ्या चाळण्यांतून काढून त्यांचा सरासरी व्यास ठरवतात. गव्हाला पेरणीच्या ओळीत बियाण्याभोवती माती बारीक हवी. साऱ्या शेताचे पीठ करण्याची गरज नसते. काळ्या जमिनीत असे पीठ पहिल्या पावसात किंवा पाण्याच्या पहिल्या पाळीत मिटून जाते आणि वर पापुद्रा धरतो.

सर्वांत मोठा घटक : ओल

तोच ट्रॅक्टर, तोच नांगर, तीच खोली आणि तेच शेत. तरी आठवड्याच्या अंतराने घेतलेले आकडे जुळत नाहीत. कारण ओल. सुकलेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात, ओढ वाढते आणि निघतात ती मोठी ढेकळे. फार ओली असेल तर माती फाळाला चिकटते, तासाचा तळ लिंपल्यासारखा होतो आणि चाके घसरतात. या दोन टोकांमध्ये जो वाफसा असतो, त्यात सर्वांत कमी ऊर्जेत सर्वांत चांगली माती मिळते. त्यामुळे ओलीची नोंद नसलेला ओढीचा आकडा निरर्थक आहे. प्रत्येक फेरीच्या वेळी नांगरटीच्या खोलीपर्यंतची माती डबीत घ्यावी, तोलावी, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत सुकवावी आणि पुन्हा तोलावी. घट्टपणासाठी शंकूमापक टोचून आकडा घेता येतो, पण काळ्या जमिनीत तोही ओलीनुसार बदलत असल्याने दोन्ही नोंदी एकाच वेळच्या असाव्यात.

जबलपूर, नरसिंहपूर, दमोह या भागांतील जुनी हवेली पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात बांध घातलेल्या शेतांत पाणी साठवून ठेवत, पावसाळ्याच्या अखेरीस ते सोडून देत आणि वाफसा येताच गहू किंवा हरभरा पेरत. साचलेल्या पाण्याखाली बरेचसे तण मरून जाई आणि फुगलेली माती सुकताना आपोआप फुटून मोकळी होई. आज ज्या दोन कामांसाठी डिझेल जाळले जाते, तण मारणे आणि ढेकूळ फोडणे, ती दोन्ही येथे पाणी करीत असे. अर्थात त्यासाठी खरीप पीक सोडावे लागे. सोयाबीन आणि भात आल्यावर ही किंमत परवडेनाशी झाली.

पाळी टाळता येईल काय?

मोजणीचा खरा उपयोग येथे होतो. कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्यांना हेक्टरी १६, रोटाव्हेटरला १५ आणि पेरणीयंत्राला ६ लिटर, असे एकूण ३७ लिटर डिझेल लागते असे समजू. आणि शून्य मशागतीच्या पेरणीयंत्राला एकाच फेरीत ८ लिटर. वाचलेले २९ लिटर वरील ५६.३१ च्या गुणकाने सुमारे १,६३० मेगाज्यूल होतात. शिवाय पेरणी काही दिवस आधी होते, आणि भातानंतरच्या गव्हात ते दिवस डिझेलहूनही मोलाचे असतात.

परंतु मशागत तणही मारते. ती काढून टाकली की तणांचा प्रश्न उभा राहतो, विशेषतः बहुवर्षायू तणांचा. जबलपूरमध्येच महाराजपूर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय असून संवर्धित शेतीतील तणांचा अभ्यास तेथे चालतो. तणनाशकाच्या एका किलो क्रियाशील घटकामागे निरनिराळ्या गुणक-सूचींनुसार १२० ते २४० मेगाज्यूल धरतात, म्हणजे दोन ते सव्वाचार लिटर डिझेल. केवळ ऊर्जेच्या तराजूत शून्य मशागत सहज जड ठरते. पण चुकीच्या वेळी फवारलेले तणनाशक आणि त्यामुळे बुडालेले उत्पन्न या तराजूत दिसत नाही. प्रमाणही राखले पाहिजे. गव्हाला दिलेल्या १२० किलो नत्राची ऊर्जा याच गुणकांनी ७,२०० मेगाज्यूलहून अधिक, म्हणजे सुमारे १२९ लिटर डिझेलएवढी भरते. मशागतीत काटकसर करून युरिया मुठीने उधळला तर ताळेबंद सुधारत नाही.

गटशेती करणाऱ्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचे आकडे स्वतः काढता येतील. एकाच शेताचे शेजारशेजारचे दोन एकर घ्यावेत. ट्रॅक्टर, चालक आणि दिवस तेच ठेवावेत. एका एकरात नेहमीच्या पाळ्या घालाव्यात, दुसऱ्यात एक पाळी कमी. मोजपट्टी, खडू, घड्याळ आणि मापाचे भांडे एवढे साहित्य पुरते. वेळ, खोली, घसर, ओलीचा नमुना आणि डिझेल यांची नोंद त्याच दिवशी करावी. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी दोन्ही एकरांत चौरस मीटरमागे उगवलेली रोपे व तणे मोजावीत, आणि कापणीला दोन्हींचे धान्य वेगळे तोलावे.